हलक्या हाताचे फोड

अहो,

कोपऱ्यावरच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. गुलाबी ढग, ढगात तुमचा चेहरा, खाली दोन कबुतरं आणि एक हेलिकॉप्टर. त्या हेलिकॉप्टरच्या शेपटीला पंखाच नाही. चित्र करणाऱ्याने गाळला की विसरला कोण जाणे. तुम्ही असतात तर 'शेपटीला पंखा नाही म्हणजे मशीन भोवऱ्यासारखं गरगरेल, गाढवांनो' म्हणत स्वतः शिडी लावून तो फ्लेक्स उतरवला असतात. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'हलक्या हाताचा वैमानिक हरपला'. भाजी आणायला जाताना मी रोज ते वाचते आणि रोज मला हसू फुटतं. भाजीवालीला वाटतं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला.

घरी तुमच्या शिष्यांची रीघ आहे. एकजात तुमच्यासारख्या मिशा, एकजात तुमच्यासारखं खाकरणं. सोफ्यावर ताठ बसतात, चिवड्याची बशी रिकामी करतात आणि निघताना प्रत्येक जण तेच म्हणतो. "काकू, सरांचा हात म्हणजे लोणी होता हो. जन्मजात देणगी." मी मान डोलावते. दुसरं करणार काय? लोणी कुठून आलं ते यांना कुठे ठाऊक आहे!

त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही म्हणा. तुमच्या या संप्रदायातली पहिली शिष्या मीच. आणि इतकी बावळट शिष्या तुम्हाला पुढे कधी मिळाली नाही.

आठवते ना ती मुलगी? ओझरच्या कॉलनीतली. वडील विमानाच्या कारखान्यात फिटर, म्हणून आपल्याला जन्मतःच विमानातलं सगळं कळतं असा तिचा समज. प्रत्यक्षात वडिलांच्या डब्याचं झाकणही तिला धड बसवता यायचं नाही. तुम्ही बघायला आलात तेव्हा तिने भर बैठकीत विचारलं, "पंख नाहीत, मग ते विमान कसलं?" आणि आपण फारच चमकदार बोललो म्हणून कांदेपोह्यांच्या बश्या गोळा करताना स्वतःशीच हसत होती. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "पंख आहेत. फिरते आहेत." झालं. तेवढ्या एका वाक्यावर कार्टी भाळली. मला आज ती भेटली तर मी तिच्या पाठीत धपाटा घालीन.

लग्न झालं तेव्हा तुम्ही हेलिकॉप्टर शिकतच होतात. त्या लांबच्या छावणीत, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, रोज दुपारी तुम्ही यायचात ते उजवी मूठ मिटून. उघडली की अंगठ्याच्या बेचक्यात आणि बोटांच्या मुळाशी टपोरे फोड. मी वाटीत तूप आणि हळद कालवायची, बोटाने अलगद लावायची आणि वर फुंकर घालायची. डोळ्यांत पाणी आणून! केवढा माझा नवरा, केवढं ते राक्षसासारखं यंत्र! वाटीभर साखर मागायला शेजारी गेले तरी सांगून यायची, "मशीन फार दांडगं आहे हो. ह्यांना अक्षरशः झुंजावं लागतं."

तुमच्या एका वरिष्ठांच्या बायकोने एकदा शांतपणे म्हटलं, "आमच्या ह्यांच्या हाताला नाही कधी फोड आले." तेव्हा या दीडशहाणीने तिच्याकडे कीव करून बघितलं. मनात म्हणाली, बिचारी. हिचा नवरा नुसता बसून राहत असेल.

नुसतं बसून राहणं हीच ती विद्या, हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं.

एक मात्र कबूल करते. तेव्हा तुम्ही माझ्याशी खरं बोलायचात. एका दुपारी तूप लावून घेता घेता म्हणालात, "मला जमत नाहीये. सगळ्यांचं मशीन हवेत एका जागी उभं राहतं, माझं झुलतं. बहुतेक घरी पाठवतील." आणि काही दिवसांनी हसत आलात. तुमच्या उस्तादांनी न रागावता तुमच्या बोटांमधून एक पेन्सिल अडकवून दिली होती, एक बोट वर, एक खाली अशी. मशीन चालवायची काठी आवळली की पेन्सिल रुतायची. हळूहळू तुमची मूठ सैल झाली, मशीन स्थिर झालं, फोड सुकले. मी ते ऐकलं आणि लगेच विसरले. पेन्सिलीने हेलिकॉप्टर शिकणारा नवरा माझ्या वीरकथेत बसत नव्हता.

तुम्हीही विसरलात. फरक एवढाच की मला पुढे आठवलं.

मग तुम्ही स्वतः उस्ताद झालात, आपण नाशिकरोडला घर बांधलं, आणि माझी स्वयंपाकघरातली शिकवणी सुरू झाली. मला खुर्चीत बसवायचं. गुडघ्यांच्या मध्ये उजव्या हातात लाटणं, ती काठी. जिकडे कलेल तिकडे मशीन जाणार. डाव्या बाजूला आडवी छत्री, मोटारीच्या हँडब्रेकसारखी. वर ओढली की मशीन वर. पायाखाली तुमच्या चपला, त्या नाक वळवायच्या. कुकरच्या शिट्ट्या होताहेत आणि मी छत्री ओढतेय.

"वर ओढलीस? आता नाक फिरलं. पाय दे. पाय दिलास? आता मशीन बसायला लागलं. छत्री! छत्री ओढलीस ना, आता बाजूला सरकतंय, लाटणं बघ!"

"अहो, हे तर एकत्र कुटुंब झालं," मी म्हणाले. "एका जावेला काही बोललं की दुसरी फुगते, आणि दुसरीची समजूत काढेपर्यंत सासूबाई पिशवी भरून गावाला निघतात."

तुम्ही हसला होतात. मग मात्र एक गोष्ट अशी समजावलीत की ती अजून माझ्या अंगात आहे. म्हणालात, काठी ढकलली की मशीन लगेच ऐकत नाही. क्षणभर काहीच होत नाही. नवशिक्याला वाटतं, ऐकू गेलं नाही. तो आणखी ढकलतो. तेवढ्यात पहिलं ढकलणं लागू पडतं, त्यावर दुसरं. घाबरून तो मागे ओढतो, तेही दुप्पट. मशीन झोपाळ्यासारखं झुलू लागतं आणि पठ्ठ्या म्हणतो, वारा आहे. "वारा नसतो," तुम्ही म्हणालात, "तो स्वतःच स्वतःला झुलवत असतो. मनगट मांडीवर टेकवायचं, काठी दोन बोटांनी धरायची आणि हलवायची नाही. हलवायचा नुसता विचार करायचा. मशीनला तेवढा पुरतो."

किती सुंदर सांगितलंत! आणि लगेच माझ्या मुठीतल्या लाटण्याकडे बघून निकाल दिलात, "तुझा हात जड आहे."

तो निकाल लाटण्यापुरता राहिला असता तर हरकत नव्हती. पण मग माझा हात मीठ घालताना जड, पोराला समजावताना जड, सुनेशी बोलताना तर फारच जड. स्कूटरचा क्लच सोडताना इतका जड की तुम्ही मागे बसून "गेली, गेली, क्लचप्लेट गेली" असा पुकारा करत आलात, आणि मी ती स्कूटर पुन्हा चालवली नाही. लोणी तुमच्या हाती आणि वरवंटा माझ्या. मी तेही मानलं. ओझरची ती हुशार मुलगी पुढची सगळी वर्षं रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत शालिमारच्या बाजारात गेली आणि आली.

आणि मग तो रविवार. तुमचे शिकाऊ चहाला आले होते. एकाने कप डाव्या हाताने उचलला. तुमची नजर घारीची. "उजवा दाखव." त्याने मूठ उघडली. तुम्ही सगळ्यांना बोलावून दाखवलीत. "बघा. फोड. हा काठीचा गळा आवळतो. ज्याचा मशीनवर भरवसा नसतो त्यालाच हे होतं. हात जन्मजात असतो, लेको. शिकवून येत नाही."

मी पोह्यांचं ताट घेऊन दारात उभी. डोळ्यांपुढून माझं सगळं तूप आणि सगळी हळद गेली. ती वरिष्ठांची बायको गेली, तिची मी केलेली कीव गेली, ती पेन्सिलसुद्धा गेली. तुम्ही वर बघितलंत. मी बघतच होते. "चहात साखर कमी आहे," तुम्ही म्हणालात. साखर नेहमीइतकीच होती.

तो मुलगा पुढे शिक्षण सोडून गेला. फोडांमुळेच गेला असं मी म्हणत नाही, पण तुमचं ते 'जन्मजात' ऐकून गेला. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले, कारण माझी वीरकथा कोसळली होती. बाहेर येऊन बोलले मात्र काही नाही. चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडू नये, याला मी तेव्हा सुसंस्कृतपणा म्हणत असे. आता त्याला काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

तुम्हीच एकदा सांगितलं होतंत की मोठ्या मशीनमध्ये वरच्या पात्यांची ओढाताण हातापर्यंत पोचतच नाही. तेलाच्या दाबावरची यंत्रणा ती मधेच गिळते. मग हाताला काहीतरी लागावं म्हणून काठीला स्प्रिंगा लावतात. मी विचारलं, "म्हणजे ते वजन खोटं?" तुम्ही म्हणालात, "खोटं नाही. केलेलं." वा! मी तुमच्यासोबत संसार केला तो त्या केलेल्या वजनाशी. ते खाकरणं, ते 'उद्या बघू'. आतली ओढाताण मधेच कुठेतरी गिळली जायची. माझ्या हाताला फक्त स्प्रिंग लागायची.

हेही मी तुमच्याबरोबर जाऊ दिलं असतं. पण सईच्या बाबतीत नाही.

आपली नात. तुमच्या मांडीवर बसून लाटणं धरून मोठी झाली, तुमच्यामुळे हट्टाने हेलिकॉप्टर शिकायला बाहेरच्या राज्यात गेली. तुम्ही दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगत फिरलात. सुट्टीत आली तेव्हा जेवताना ती वरण डाव्या हाताने वाढून घेत होती. मी ओळखलं. मी म्हटलं, देवा, ह्यांचा चष्मा आतल्या खोलीत राहू दे. पण तुमची नजर घारीची.

"दाखव."

तिने मूठ उघडली. तिथेच, बेचक्यात आणि बोटांच्या मुळाशी. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि ताटावरून उठता उठता म्हणालात, "तुझ्या आजीचा हात आलाय तुझ्याकडे. जड."

माझा हात! अहो, माझा?

पोरीने जेवण टाकलं. सुट्टी संपली तरी बॅग भरली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आजी, मशीन उभंच राहत नाही माझ्याकडून. आणि आबांना कळतं ना. ते म्हणाले म्हणजे संपलं."

त्या संध्याकाळी गच्चीवर आपलं भांडण झालं, ते अजून संपलेलं नाही. लांब, गांधीनगरच्या विमानतळाच्या बाजूला एक हेलिकॉप्टर खाली झुलत होतं. कुणीतरी शिकत होतं.

"सांगा तिला," मी म्हणाले.

"काय सांगू?"

"तूप आणि हळद."

तुम्ही खाकरलात. "तेव्हाची मशीनं वेगळी होती."

"आणि तो डाव्या हाताने चहा पिणारा?"

"तो मुलगा वेगळा होता."

"आणि मी?"

तुम्ही त्या झुलणाऱ्या हेलिकॉप्टरकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना तुमच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून तुम्ही परत आला नाहीत. काय पण मुहूर्त साधलात! शब्द फिरवायला नको म्हणून माणूस किती लांब जातो!

दहाव्याला रामकुंडावर मीही गेले. बायकांनी येऊ नये असं कुणीतरी पुटपुटलं, मी ऐकू न आल्यासारखं केलं. म्हातारपणाचा हा एक फायदा. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले. कावळे होते, पण शिवेनात. लेक हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला एकटं टाकणार नाही." कावळा ढिम्म. सून म्हणाली, "गच्चीवरची तुमची झाडं जपू." नाही. मिशीवाल्यांपैकी एक पुढे झाला, "सर, तुमच्या नावाने फिरता चषक सुरू करू!" कावळ्याने पाठच फिरवली. शेजारच्या पिंडापाशी उभी असलेली एक बाई सहानुभूतीने म्हणाली, "आमच्या अण्णांना लगेच शिवला हो. मन मोकळं होतं त्यांचं." गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "आणखी कुणाला काही सांगायचंय का? नाहीतर दर्भाचा करू."

सई सगळ्यांच्या मागे, पाण्याकडे बघत, मूठ मिटून उभी.

तेवढ्यात एक कावळा उठला आणि पिंडाच्या बरोबर वर आला. खाली येईना, निघून जाईना. पंख फडफडवत नुसता पुढे-मागे झुलत होता. अगदी नवशिक्यासारखा. मी ओळखलं. एक पाऊल पुढे झाले आणि ठणकावून म्हणाले, "अहो, येताय मुकाट्याने, की सांगू सगळ्यांना फोडांचं?"

दगड पडावा तसा खाली आला! भाताला चोच मारली, पुन्हा मारली. "शिवला, शिवला!" सगळ्यांनी सुस्कारा टाकला. सूनबाई डोळे पुसत विचारत होती, "आई, कसल्या फोडांचं म्हणालात तुम्ही?"

तुम्हाला वाटलं असेल, घाईघाईने शिवलं की बायकोचं तोंड बंद होईल. इतक्या वर्षांत मला इतकंच ओळखलंत? मी तिथेच, घाटाच्या पायरीवर, सगळं सांगितलं. दुपारची मिटलेली मूठ, तुपाची वाटी, 'बहुतेक घरी पाठवतील', आणि बोटांतली पेन्सिल.

"काकू, सर आणि फोड? शक्यच नाही," एक मिशी म्हणाली.

"मी लावलंय तूप. तुम्ही होतात का तिथे?"

मग त्यांच्यातला सगळ्यांत ढेरपोट्या खाली बघत म्हणाला, "मलाही आले होते. सरांना कळू नये म्हणून हातमोजे घालायचो." दुसरा म्हणाला, "मी सांगायचो सायकलवरून पडलो." मग काय, एकेकाला कंठ फुटला. तुमच्या हाताखालून गेलेली ही सगळी जन्मजात लोण्याची मंडळी, आणि जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी मूठ लपवलेली! तुम्हाला घाबरून! आणि तुम्ही कुणाला घाबरून, ते मात्र मला अजून कळलेलं नाही. ते विचारायचं राहिलं.

सई माझ्याजवळ आली. "आजी, तू हे मला आत्ता सांगतेस?"

"मी निदान आज सांगितलं. हे उद्या सांगणार होते."

घरी आल्यावर मी वाटीत तूप-हळद कालवली. फोड सुकत आले होते, तरी तिने हात पुढे केला. पाणी-बिणी काही आणलं नाही मी डोळ्यांत, फुंकरही घातली नाही. लावता लावता म्हटलं, "हे काही शौर्य नाही आणि पापही नाही. तू काठीवर भरवसा ठेवत नाहीयेस, एवढंच. आणि हात आजीचा नाही आलेला, आजोबांचा आलाय. तो सुधारतो, मी बघितलाय." तुमच्या टेबलावरची लाल-काळी पेन्सिल तिच्या बोटांमधून अडकवली. तिने लाटणं आवळून बघितलं आणि "आई गं!" करून सोडलं. मग पुन्हा धरलं, दोन बोटांनी. परवा गेली ती, पेन्सिल घेऊन. मशीन उभं राहिलं की कळवेल. नाही राहिलं तरी कळवेल, असं मी तिच्याकडून वदवून घेतलंय.

जायच्या आधी तिने मला तिची स्कूटी चालवायला लावली, घरासमोरच्या गल्लीत. आता त्यांना क्लचच नसतो, ठाऊक आहे? तुमचा मुद्दाच निकालात निघाला. मी गुरख्याच्या केबिनपर्यंत गेले आणि परत आले. गुरख्याने सलाम ठोकला.

एक मात्र मी घाटावर सांगितलं नाही. ते आपल्या दोघांतलं.

दवाखान्यातली ती शेवटची दुपार. मुलं बाहेर डॉक्टरांशी बोलत होती. तुमच्या तोंडात नळी, त्यामुळे खाकरता येत नव्हतं. तुम्ही माझा हात धरलात. दोन बोटांनी नाही. पाचही बोटांनी, मूठ आवळून, नवशिक्या काठी धरतो तसा. बांगडी रुतली. मी म्हटलं, "अहो, मनगट टेकवा. हलका धरा." तुम्ही आणखी आवळलात. तुमच्याकडून पहिल्यांदाच काहीतरी थेट माझ्या हातापर्यंत पोचत होतं. मधे स्प्रिंग नव्हती. मी हात सोडवला नाही, सोडवला तो नर्सने.

मनगटाला बांगडीचा वळ उठला होता. काही दिवस तो तसाच राहिला, मी त्यावर तूप-हळद लावत होते. समाचाराला आलेल्या शेजारणीने बघितलं आणि विचारलं, "अगंबाई, हे काय झालं हो हाताला?"

मी म्हटलं, "मशीन फार दांडगं होतं. ह्यांना झुंजावं लागलं."